तेलाचा मक्ता कंपनीचा, हुकूम कोणाचा? (इराण, १९०१ ते १९५४)

तांबडी_वाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडतो. मे १९०१ मध्ये इराणचा शाह मुझफ्फर अद्दीन याने विल्यम नॉक्स डार्सी याला आपल्या देशातल्या तेलाचा मक्ता दिला. डार्सीने ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणीत पैसा केला होता. इराणात मात्र त्याने उभ्या आयुष्यात पाऊल ठेवले नाही. मुदत ६० वर्षे. क्षेत्र ४ लाख ८० हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या चौपट. उत्तरेचे पाच प्रांत तेवढे सोडले, कारण तिथे रशियाला डिवचायचे नव्हते. बदल्यात २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि दरवर्षी निव्वळ नफ्याचे १६ टक्के.

तेल लागले २६ मे १९०८ ला. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. आणि २० मे १९१४ रोजी ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंड घालून कंपनीत ५१ टक्के वाटा घेतला. चर्चिल तेव्हा नौदलमंत्री. त्याने १७ जूनला तो सौदा संसदेपुढे ठेवला आणि २५४ विरुद्ध १८ मतांनी तो मंजूर झाला. नौदलाला २० वर्षे इंधन तेल पुरवण्याचा करारही त्यातच होता. त्याचा दर गुप्त.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. त्या दिवसापासून हा व्यापारी करार राहिला नाही. शाहने एका खासगी माणसाला दिलेला हक्क इराणला न विचारता एका साम्राज्याच्या मुठीत गेला. तरीही 'सरकारने कंपनीच्या कारभारात कधी हात घातला नाही' असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तुमचे मत काय? त्या मक्त्यावर खरा हुकूम कोणाचा चालत होता?

नदीष्ट

उत्तम विषय. वाचतोय. थोरामोठ्यांनी लिहा.

हिशेबनीस

दुसरी बाजू मांडतो. करारासोबतच ब्रिटिश खजिन्याच्या सर जॉन ब्रॅडबरी यांनी कंपनीला पत्र दिले होते. सरकारचे दोन संचालक मंडळावर बसतील, त्यांना नकाराधिकार असेल, पण तो परराष्ट्र धोरण, नौदल, लष्कर असल्या मोठ्या प्रश्नांपुरता. रोजच्या धंद्यात सरकार पडणार नाही, हे लेखी आश्वासन होते. आणि संचालक कोण होते? एक ॲडमिरल स्लेड, दुसरे जहाजवाले लॉर्ड इंचकेप. इंचकेप हा पक्का व्यापारी माणूस. तेल कुठे खणायचे, कोणाला विकायचे, किती लाभांश द्यायचा हे कंपनीचे अध्यक्ष ग्रीनवे आणि त्यांच्यामागून कॅडमन ठरवत.

५१ टक्के वाटा आहे म्हणजे लंडनच्या मंत्र्याने सकाळी उठून इराणातल्या अबादानच्या रिफायनरीच्या मॅनेजरला तार ठोकावी, असे काही नव्हते. कागद वाचले की सरकार आणि कंपनी एकमेकांवर कुरकुरतानाच जास्त दिसतात.

सोनसळी

@हिशेबनीस, लेखी आश्वासन कोणी कोणाला दिले ते पाहा ना. ब्रिटिश सरकारने ब्रिटिश कंपनीला. ज्याची जमीन, ज्याचे तेल, तो इराण त्या पत्रव्यवहारात कुठेच नाही.

आमच्याकडे शेत खंडाने देतात. समजा, खंडकऱ्याने शेतमालकाला न सांगता निम्म्याहून जास्त भागीदारी गावच्या पोलीस पाटलाला विकली. पाटील शप्पथ घेऊन सांगतो, 'मी नांगराला हात लावणार नाही.' बरं. पण खंड बुडवला तर शेतमालकाने तक्रार न्यायची कोणाकडे?

तांबडी_वाट

@सोनसळी +१. नेमके हेच म्हणायचे होते.

उगवतीचा

शेतमालकाविषयीही बोला जरा. काजार घराण्याच्या शाहांनी देश विकायलाच काढला होता. मुझफ्फर अद्दीनने १९०० आणि १९०२ मध्ये रशियाकडून कर्जे काढली आणि त्याच काळात युरोपच्या वाऱ्या केल्या. त्याच्या बापाने १८९० मध्ये तंबाखूचा मक्ता असाच एका इंग्रजाला दिला होता. लोकांनी हुक्के फोडले, तंबाखू सोडली, तेव्हा कुठे तो रद्द झाला. सगळे खापर लंडनवर फोडून इराणी दरबाराला मोकळे सोडू नका.

सोनसळी

दरबाराला कोण सोडतंय? पण दरबार म्हणजे इराण नव्हे, हे इराणच्या लोकांनीच दाखवून दिले. १९०६ मध्ये त्यांनी लढून संविधान मिळवले, मजलिस म्हणजे संसद आणली. त्या संविधानात स्पष्ट लिहिले की परक्यांना मक्ते द्यायचे तर मजलिसची मंजुरी हवी. डार्सीचा करार त्याआधीचा, म्हणून तो वाचला.

आता १९१४ चा उन्हाळा पाहा. दुसरी मजलिस डिसेंबर १९११ मध्ये रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यामुळे बरखास्त झालेली. तिसरी भरली डिसेंबर १९१४ मध्ये. म्हणजे लंडनची संसद इराणच्या तेलावर मत देत होती, तेव्हा तेहरानमध्ये संसद भरलेलीच नव्हती. विचारायचे ठरवले असते तरी विचारणार कोणाला? आणि तसे कोणी ठरवलेही नव्हते.

नदीष्ट

हा मुद्दा माहीत नव्हता. जबरदस्त.

माहुलकर

माझी नोकरी माहुलच्या रिफायनरीत झाली, म्हणून कच्च्या तेलाच्या अंगाने लिहितो. सरकारने हा वाटा का घेतला, त्याचे निम्मे उत्तर त्या तेलाच्या वासात आहे.

पहिले तेल लागले त्या मस्जिद सुलेमानच्या विहिरीतून ११८० फुटांवर जे तेल उसळले त्यात गंधक भरपूर. असे तेल टाकीत आले की कुजक्या अंड्यासारखा वास नाकात बसतो, आंघोळ केली तरी कपड्यांतून जात नाही. त्या काळी तेलाचा धंदा म्हणजे मुख्यतः रॉकेल, घराघरातल्या दिव्यांसाठी. अबादानची रिफायनरी १९१२ च्या सुमारास सुरू झाली आणि तिथले रॉकेल निघाले पिवळट. दिव्यात जाळले की काचेवर थर धरायचा. आमच्या प्रयोगशाळेत रॉकेलचा रंग तपासायला काचेच्या नळ्या असायच्या. शेजारी प्रमाण रंगाची काच ठेवून उजेडासमोर धरून बघायचे. छटा जरा गडद दिसली की माल परत. अबादानचे पहिले रॉकेल त्या नळीत एका नजरेत नापास झाले असते. गंधक काढायचे तंत्र तेव्हा आजच्यासारखे नव्हते.

मग हे तेल घेणार कोण? बॉयलर. बॉयलरला रंगाशी देणेघेणे नसते, उष्णता मिळाली की झाले. आणि जगातले सगळ्यात मोठे बॉयलर होते ब्रिटिश नौदलाकडे, जे नुकतेच कोळशावरून तेलावर येत होते. कंपनीची तिजोरी तोवर रिकामी होत आली होती, विक्रीसाठी १९१२ मध्ये रॉयल डच-शेलशी करार करावा लागला होता. ग्रीनवे लंडनमध्ये दारोदार फिरून सांगत होता, 'आम्हाला हात द्या, नाहीतर शेल आम्हाला गिळेल आणि तुमचे तेल परक्याच्या हाती जाईल.' तेव्हा सरकारने कंपनीवर झडप घातली असे नाही, कंपनीच सरकारच्या दारात जाऊन बसली होती.

खडकवासला

धागा तेलाचा आणि पाऊस पण मस्त लागलाय. भजी तळायला घेतलीत, काका. पुढे लिहा.

माहुलकर

@खडकवासला, कांद्याची करा, आणि तेल गंधकाचे नको :)

इतिहासवेडी

माहुलकर काकांचा प्रतिसाद सुरेख, पण 'कंपनीच सरकारच्या दारात गेली' याला माझी पुरवणी आहे. सरकार १९१४ च्या कितीतरी आधीपासून त्या दारात उभे होते.

१९०४-०५ मध्ये डार्सीचा पैसा संपला तेव्हा तो मक्ता फ्रेंचांकडे जाऊ नये म्हणून धावपळ कोणी केली? नौदलाने. त्यांनीच बर्मा ऑइल कंपनीला गळ घातली आणि १९०५ मध्ये त्या कंपनीने पैसा ओतला. बर्मा ऑइलची तेलक्षेत्रे ब्रह्मदेशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात. अँग्लो-पर्शियन उभी राहिली तेव्हा तिचे जवळपास सगळे साधे शेअर याच कंपनीकडे होते. ग्रीनवेसुद्धा हिंदुस्थानात शॉ वॉलेसमध्ये धंदा शिकलेला माणूस.

मग बंदोबस्त. बख्तियारी टोळ्यांच्या मुलखात डार्सीने नेमलेला इंजिनियर रेनॉल्ड्स खणत होता. त्याच्या रक्षणासाठी १९०७ च्या अखेरीस हिंदुस्थानातून बंगाल लान्सर्सचे घोडेस्वार गेले. त्यांचा अधिकारी आर्नल्ड विल्सन, वय अवघे २३. तेल लागल्याची बातमी त्याने सांकेतिक तारेऐवजी बायबलच्या स्तोत्राचा आकडा देऊन कळवली. स्तोत्र १०४, श्लोक १५. त्यात जमिनीतून निघणाऱ्या आणि चेहरा उजळवणाऱ्या तेलाचा उल्लेख आहे. हाच विल्सन महायुद्धानंतर मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा, मुलकी कारभार पाहत होता, आणि १९२१ पासून? अँग्लो-पर्शियनचा आखातातला बडा अधिकारी.

आता रिफायनरीची जागा. अबादान बेटाची जमीन १९०९ मध्ये मोहम्मेराच्या शेख खझलकडून मिळवली. बोलणी कंपनीच्या माणसाने केली नाहीत. केली पर्सी कॉक्सने, बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटने, जो हिंदुस्थान सरकारचा नोकर होता. भाडे वर्षाला ६५० पौंड. शेखला कर्जही दिले आणि ब्रिटिश पाठिंब्याची हमीही. शेख हा इराणच्या शाहचा प्रजाजन. तेहरानला बाजूला ठेवून त्याच्याशी परस्पर व्यवहार! पाच वर्षांनी जे ५१ टक्के घेतले, तो आधीच बसवलेल्या ताब्याला चढवलेला कागद होता.

हिशेबनीस

इतिहासवेडी, माहिती चोख आहे. पण त्या काळी कोणत्या युरोपीय सरकारने आपल्या कंपनीला परदेशात असा आधार दिला नाही? वकिलात मदत करते, बंदोबस्त देते. त्याला 'ताबा' म्हटले तर प्रत्येक ब्रिटिश चहामळासुद्धा सरकारी ठरेल.

इतिहासवेडी

चहामळ्यात खजिन्याचे ५१ टक्के नव्हते. फरक तिथेच पडतो.

वाईचा_पणतू

सहसा मी फक्त वाचतो, पण आज राहवले नाही.

माझे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत शिपाई होते. आमच्या घरात 'बसऱ्याची लढाई' एवढेच नाव होते. का गेले, कशासाठी गेले, हे आजीलाही सांगता येत नव्हते. पदक आहे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली आहे. भिंग लावून वाचावे लागते, कारण इतक्या वर्षांच्या चिंचेने घासण्याने अक्षरे झिजली आहेत.

पुढे मी स्वतः वाचत गेलो तेव्हा कळले. ऑक्टोबर १९१४ मध्ये सहाव्या पूना डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड मुंबईहून निघाली. जनरल डेलामेन प्रमुख. त्यात ११७ वी मराठा होती. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेही नव्हते तेव्हा ही जहाजे बहरीनजवळ नांगर टाकून उभी होती. ६ नोव्हेंबरला ते फावला उतरले, म्हणजे शत्त-अल-अरबच्या मुखाशी. अबादानची रिफायनरी त्याच नदीवर, थोडी वर. तिचे रक्षण हे त्यांना दिलेल्या कामांपैकी एक होते. चर्चिलच्या कायद्यावर राजाची सही झाली होती १० ऑगस्टला. तीन महिन्यांच्या आत त्या गुंतवणुकीच्या राखणीला वाई-साताऱ्याकडची पोरे उभी होती.

पणजोबा एप्रिल १९१५ ला शैबाच्या लढाईत जखमी होऊन परत आले, म्हणून वाचले. त्यांची पलटण पुढे मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले, सुमारे १३ हजार माणसे कैद झाली आणि त्यातली कितीतरी वाटेत, वाळवंटात आणि छावण्यांत मेली. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कित्येक गावांत अजून संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत. लोक त्यापाशी मोटारसायकल लावतात.

@हिशेबनीस सर, तुमचा राग नाही. पण कारभारात हात न घालणाऱ्या भागीदाराने पलटणी पाठवल्या, हे मला विसरता येत नाही.

नदीष्ट

काय बोलावे. त्या पदकाचा फोटो जमला तर टाका.

गोदाकाठ

वाईचा_पणतू, फार मोलाचे लिहिलेत. आमच्या मावशीच्या गावात, खेडकडे, तशी पाटी आहे. लहानपणापासून पाहत आलो, पण कोणती लढाई ते कोणी सांगितले नव्हते.

हिशेबनीस

@वाईचा_पणतू, नमस्कार तुमच्या पणजोबांना. त्यांच्याबद्दल वाद नाहीच.

इतिहास म्हणून एवढेच म्हणेन की ती मोहीम निव्वळ तेलासाठी नव्हती. आखातातले शेख, तुर्कांनी जिहाद पुकारला तर हिंदुस्थानात काय होईल ही धास्ती, जर्मनांची बगदादकडे येणारी रेल्वे, हे सगळे त्यात होते. हिंदुस्थान सरकारला तेलापेक्षा आखातातल्या वजनाची काळजी जास्त होती.

इतिहासवेडी

मान्य, कारणे अनेक होती. पण फेब्रुवारी १९१५ मध्ये टोळ्यांनी तेलाची पाइपलाइन तोडली तेव्हा लगेच अहवाझकडे फौज वळवली गेली, आणि जूनमध्ये तेल परत वाहू लागले. फौज आणि पाइपलाइन यांचे नाते तिथे उघड दिसते.

उगवतीचा

एक प्रश्न. इराणला ते १६ टक्के तरी नीट मिळाले का? की तिथेही गोम?

ताळेबंद_ताई

मी सनदी लेखापाल आहे, तेव्हा हा प्रश्न माझा :) गोमच गोम होती.

१६ टक्के कशाचे? निव्वळ नफ्याचे. कोणाच्या? करारात मक्ता चालवण्यासाठी काढलेल्या 'कंपन्यां'च्या नफ्याची भाषा होती. कंपनीने पुढे टँकर काढले, विक्रीच्या उपकंपन्या काढल्या, इराणबाहेर धंदा वाढवला. मग म्हणू लागली, त्या नफ्यावर इराणचा हक्क नाही. शिवाय नौदलाला तेल जायचे गुप्त आणि सवलतीच्या दराने. नीट विचार करा. मोठा भागीदार सरकार, मोठे गिऱ्हाईक सरकार, आणि दर या दोघांनी बंद दाराआड ठरवलेला. दर जितका कमी, तितका कंपनीचा नफा कमी, तितके इराणचे १६ टक्के कमी. सरकारचा मात्र एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात. आजच्या लेखापरीक्षणात याला संबंधित पक्षांमधला व्यवहार म्हणतात. तो ताळेबंदात उघड करावा लागतो आणि दर बाजाराला धरून आहे का ते दाखवावे लागते. इथे इराणला दर कळतही नव्हता.

युद्धात पाइपलाइन तुटली त्याची नुकसानभरपाई म्हणून कंपनीने इराणचे पैसेही अडवून धरले. १९२० मध्ये हिशेबाची तडजोड करायला इराणच्या वतीने कोण बसले? सिडनी आर्मिटेज-स्मिथ. तो ब्रिटिश खजिन्याचा अधिकारी, जो ब्रिटिश मंत्री कर्झनने १९१९ मध्ये इराणशी केलेल्या करारानंतर इराणचा अर्थसल्लागार म्हणून पाठवला गेला होता. म्हणजे ज्या खजिन्याकडे कंपनीचे ५१ टक्के, त्याच खजिन्याचा माणूस इराणची बाजू मांडणार.

पुढे महामंदीत इराणची रॉयल्टी १९३० मध्ये जवळजवळ १३ लाख पौंड होती ती १९३१ मध्ये ३ लाखांवर आली. इराणचा तेव्हाचा राजा रेझा शाह भडकला, नोव्हेंबर १९३२ मध्ये मक्ता रद्द केला.

तांबडी_वाट

@ताळेबंद_ताई, दंडवत. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे.

१९३२ च्या पुढचे मी जोडतो. मक्ता रद्द झाल्यावर कंपनीने दावा लावला नाही. ब्रिटिश सरकारच राष्ट्रसंघात गेले. आणि शेवटी २९ एप्रिल १९३३ ला नवा करार झाला, मुदत थेट १९९३ पर्यंत! क्षेत्र कमी करून १ लाख चौरस मैल, टनामागे ४ शिलिंग, शिवाय ठरावीक रकमेच्या वर जो लाभांश वाटला जाईल त्याच्या २० टक्के. त्यावर सही करणारे अर्थमंत्री तकीझादे यांनी १९४९ मध्ये मजलिसमध्ये उभे राहून सांगितले की आपण त्यात केवळ साधन होतो, मर्जीने सही केली नाही.

कारवारी

अबादानमधल्या हिंदी कामगारांचा विषय कोणी काढला नाही अजून. रिफायनरी उभारायला कारागीर, फिटर, कारकून हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून नेले होते. तिथे 'मस्जिद-ए-रंगूनीहा' नावाची मशीद आहे, रंगूनकडून आलेल्या कामगारांची, आता तिथे संग्रहालय आहे. राहायच्या जागा वेगळ्या: युरोपियन एकीकडे, हिंदी दुसरीकडे, इराणी मजूर तिसरीकडे आणि सगळ्यात वाईट. डिसेंबर १९२० मध्ये पगार आणि कामाच्या तासांसाठी पहिला मोठा संप केला तो हिंदी कामगारांनी, इराणी मागून सामील झाले. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा कंपनीने हिंदी कामगारांना मोठ्या संख्येने बोटीत बसवून परत धाडले.

आणि १९४६ चा जुलै. खुझिस्तानात, म्हणजे अबादानच्या प्रांतात, तेल कामगारांचा प्रचंड संप झाला. ब्रिटनने काय केले? हिंदुस्थानातून फौज बसऱ्याला आणून उभी केली. इकडे नेहरूंचे हंगामी सरकार अजून यायचे होते. स्वातंत्र्याला वर्ष राहिले असतानाही आपल्या जवानांचा उपयोग त्या एका रिफायनरीसाठी चालूच होता.

वाईचा_पणतू

१९४६ चे माहीत नव्हते, कारवारी. १९१४ ला पणजोबा आणि १९४६ ला परत आपलीच माणसे. मन विषण्ण झाले.

उगवतीचा

अवांतर: आता आपली सरकारी ओएनजीसी विदेश पण बाहेर जाऊन तेल शोधते. रशियात सखालिन-१ मध्ये २० टक्के. इराणच्या फारसी ब्लॉकमध्ये तर वायूही शोधून काढला, फरझाद-बी. मग आपल्यालाही तोच न्याय लावायचा का? सरकारी कंपनी म्हणून?

सोनसळी

लावू या की. फरझाद-बी वर वर्षानुवर्षे बोलणी झाली, अटी जुळल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये इराणने ते क्षेत्र आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला दिले. भारताने काय केले? वाईट वाटून घेतले. आखातात ब्रिगेड उभी केली नाही, कोणाला गादीवरून उतरवले नाही. सरकारी भांडवल असणे हा गुन्हा नाही. ज्याचे तेल त्याला 'नाही' म्हणता येते का, हे बघायचे.

उगवतीचा

ठीक. पटले.

हिशेबनीस

मुद्द्यावर येतो. १९५१ घ्या. इराणचा पंतप्रधान मोसाद्देगने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले त्याआधी ॲटलीच्या मजूर सरकारला कळत होते की नफा निम्मा-निम्मा वाटायला हवा, अमेरिकन कंपन्यांनी सौदी अरेबियात डिसेंबर १९५० मध्ये तसे केलेही. पण कंपनीचा अध्यक्ष सर विल्यम फ्रेझर हटून बसला आणि हलला तेव्हा फार उशीर झाला होता. ५१ टक्क्यांचा मालक असून सरकारला स्वतःच्या कंपनीचा अध्यक्ष हलवता आला नाही. मग हुकूम कोणाचा? मला तर वाटते, कंपनीच सरकारला ओढत नेत होती.

ताळेबंद_ताई

@हिशेबनीस, फ्रेझरचा हट्ट खरा आहे. पण सरकारला फ्रेझर हलवायची घाई का नव्हती, ते आकड्यांत दिसते. १९५० मध्ये इराणच्या पदरात सुमारे १ कोटी ६० लाख पौंड पडले. ब्रिटिश सरकारला कंपनीकडून करापोटी त्याच्या तिपटीच्या आसपास. लाभांश वेगळा. नौदलाचे स्वस्त तेल वेगळे.

आणि याहून बोलकी गोष्ट. १९३३ च्या करारात इराणचा एक हिस्सा लाभांशाला बांधलेला होता, वर तांबडी_वाट यांनी लिहिले आहे. युद्धानंतर मजूर सरकारने ब्रिटनमधल्या सगळ्याच कंपन्यांना सांगितले, लाभांश वाढवू नका. देशांतर्गत महागाईसाठीचे धोरण ते. अँग्लो-इराणियनने, म्हणजे नाव बदललेल्या याच कंपनीने, ते पाळले. कंपनीचा नफा वाढत असताना इराणचा हिस्सा गोठला. सरकारी संचालकाने नकाराधिकार वापरला नाही, अबादानला तार गेली नाही, कोणी काही मोडले नाही. लंडनच्या अर्थमंत्र्याने आपल्या घरचा निर्णय घेतला आणि तेहरानच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली. ब्रॅडबरींच्या पत्राला धक्का न लावता हे घडते. इराणच्या बाजूने पाहिले तर हुकूम आणखी कसला असतो?

हिशेबनीस

लाभांशाचा मुद्दा वजनदार आहे. मात्र तो सगळ्या ब्रिटिश कंपन्यांना लागू होता, इराणला पाहून केलेला नव्हता. हेतू आणि परिणाम यांत मी फरक करतो.

इतिहासवेडी

हेतू पाहायचा तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चला. राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश सरकार तिथे गेले. न्यायालयाला अधिकार मिळायचा तर वाद दोन देशांमधल्या तहाचा हवा. म्हणून सरकारने युक्तिवाद केला की १९३३ चा करार नुसता मक्ता नाही, राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने झाला म्हणून तो दोन सरकारांमधला तहही आहे. १९१४ पासून सांगत आले, 'कंपनी स्वतंत्र आहे, आम्ही नुसते भागधारक', आणि गरज पडल्यावर 'हा आमचा आणि इराणचा करार'. मोसाद्देग स्वतः हेगला गेले होते. २२ जुलै १९५२ ला निकाल लागला: हा एका सरकारचा आणि एका परदेशी कंपनीचा करार आहे, तह नाही, आम्हाला अधिकार नाही. बहुमतात न्यायालयाचे अध्यक्ष सर आर्नल्ड मॅकनेअर होते, आणि ते ब्रिटिश होते. त्यांच्या या कृतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सरकारने मात्र ते मानून गप्प बसणे पत्करले नाही. इराणी तेल घेणाऱ्या जहाजांना अडवले, 'रोझ मेरी' नावाचा टँकर जून १९५२ मध्ये एडनला ओढला. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेच्या साथीने मोसाद्देगना उलथवले. १९५४ मध्ये तेल नव्या संघाकडे गेले: ४० टक्के आपल्या या कंपनीला, तिचे नाव त्याच वर्षी ब्रिटिश पेट्रोलियम झाले, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, उरलेले शेल आणि फ्रेंचांना.

गोदाकाठ

मोसाद्देग यांचे पुढे काय झाले?

इतिहासवेडी

तीन वर्षे कैद, मग इराणातल्याच अहमदाबाद या स्वतःच्या गावी मरेपर्यंत नजरकैद. १९६७ मध्ये गेले. त्याच घरात पुरले.

तांबडी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः हिशेबनीस यांचे. त्यांनी नेट धरला म्हणून एवढे बाहेर आले. माहुलकर काकांमुळे एक गोष्ट मला नव्याने उमगली, की सुरुवातीला कंपनी कमजोर होती म्हणून सरकार आत आले. पण आत आल्यावर ते ज्या जागी बसले तिथून जबाबदारी घ्यावी लागत नव्हती आणि फायदा मात्र सगळा मिळत होता. माझे मत त्यामुळे अधिक पक्के झाले.

एक शेवटची गोष्ट, कारण ती कोणी सांगितली नाही. ब्रिटिश सरकारने बीपीतला आपला उरलेला वाटा ऑक्टोबर १९८७ मध्ये विकायला काढला, नेमका शेअर बाजार कोसळला, आणि कुवेतच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने शेअर घेत घेत २१.६ टक्के जमवले. तेव्हा लंडनने काय म्हटले? तेल उत्पादक देशाच्या सरकारकडे एवढ्या महत्त्वाच्या कंपनीचा इतका वाटा असणे राष्ट्रहिताला बाधक आहे. चौकशी झाली आणि १९८८ मध्ये कुवेतला हुकूम निघाला, ९.९ टक्क्यांवर उतरा.

हिशेबनीस

कुवेतचा दाखला बिनतोड आहे. तिथे २१.६ टक्के राष्ट्रहिताला बाधक ठरले, तर १९१४ मध्ये ५१ टक्क्यांबद्दल इराणला काय वाटले असेल यावर मला उत्तर नाही. ब्रॅडबरी पत्राबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

माहुलकर

काढा, काढा. त्यात बर्मा ऑइलच्या ब्रह्मदेशातल्या येनानज्याँगच्या विहिरींवरही बोलू. तिथे स्थानिक लोक हाताने विहिरी खणून तेल काढत, ते इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून.